परतीची हमी कोण देतो?

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास हा धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसू लागला आणि एक आकडा बातम्यांतून सगळीकडे फिरला : हा आता ८० हजार वर्षांनी पुन्हा येणार. आकाशदर्शनाला आलेल्या मुलांचा प्रश्न मात्र वेगळा असतो. आता हा जाणार कुठे? आणि किती लांब? प्रश्न साधे आहेत, पण धूमकेतूंच्या नादी लागलेल्या माणसांतही त्यांची दोन तऱ्हांची उत्तरे मिळतात. एकाला धूमकेतूत नियम दिसतो, ठरलेली फेरी दिसते. दुसऱ्याला त्याच धूमकेतूत वाटेवरच्या प्रत्येक धक्क्याने बदलत जाणारा प्रवास दिसतो. दोन्ही बाजू मोलाच्या आहेत, म्हणून त्या इथे मामा-भाचीच्या संवादातून मांडल्या आहेत. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले सर्वेक्षक. १९८६ च्या हॅलेपासून दुर्बीण त्यांच्या हातून सुटलेली नाही. भाची भौतिकशास्त्र शिकली आहे आणि धूमकेतूंच्या कक्षांचे गणित करते.

मामा : मुलांनी 'कुठे जाणार' असं विचारलं की मी सरळ सांगतो, धूमकेतू भटकत नसतो. त्याची वाट आखलेली असते. हॅलेचंच घे. ९ फेब्रुवारी १९८६ ला तो सूर्याच्या सर्वांत जवळ होता, सुमारे पावणेनऊ कोटी किलोमीटरवर, म्हणजे बुध आणि शुक्र यांच्या कक्षांच्या मधे. तिथून निघाला तो गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून यांची अंतरं मागे टाकत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या वाटेच्या दूरच्या टोकाला पोचला. पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३५ पट, म्हणजे सव्वापाचशे कोटी किलोमीटर. तिथून तो वळलाय. जुलै २०६१ च्या अखेरीस पुन्हा सूर्यापाशी असेल. कुठे जातो, किती लांब जातो, केव्हा परततो, तिन्ही उत्तरं तयार आहेत.

भाची : मामा, हॅले पुढे केला की तुमची बाजू भक्कम दिसणारच. पण हॅले हा अपवाद आहे. नुसत्या डोळ्यांनी ठळक दिसणारा आणि माणसाच्या एका आयुष्यात परत येणारा असा भरवशाचा धूमकेतू तो एकच. हयाकुताके, हेल-बॉप, निओवाइज, परवाचा त्सुचिनशान-ॲटलास हे आठवून बघा. यांतला एकही तुम्हाला, मला किंवा आपल्या नातवंडांना पुन्हा दिसायचा नाही. अपवादावरून नियम सांगितला की मुलांच्या मनात धूमकेतू म्हणजे वेळापत्रकावर चालणारी वस्तू असं चित्र बसतं. ते चित्र खरं नाही.

मामा : वेळापत्रक ही काही लहान गोष्ट नाही गं. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत स्पष्ट म्हटलंय, की केतूंचं दिसणं आणि मावळणं गणितानं कळत नाही. हजार वर्षांहून जास्त काळ जगभर तशीच समजूत होती. मग एडमंड हॅलेनं १७०५ मध्ये १५३१, १६०७ आणि १६८२ चे धूमकेतू शेजारी शेजारी मांडले, तिघांची वाट जवळपास एकच आहे हे पाहिलं आणि सांगितलं, हा एकच धूमकेतू आहे, १७५८ च्या सुमारास पुन्हा येईल. हॅले १७४२ मध्ये वारला. पण १७५८ च्या नाताळच्या रात्री ड्रेस्डेनजवळच्या पालिट्‌श नावाच्या शेतकऱ्याला तो दिसला. पॅरिसात क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लेपोत या तिघांनी त्याआधी कित्येक महिने हातानं आकडेमोड करून सूर्यापाशी पोचण्याची वेळ काढली होती : एप्रिल १७५९ चा मध्य. प्रत्यक्षात तो १३ मार्चला पोचला. पाऊण शतकाच्या प्रवासात एका महिन्याची चूक! जी गोष्ट अपशकुन म्हणून लोकांना घाबरवायची ती हिशेबात आली, यापेक्षा मोठं काय हवं?

भाची : त्या तिघांबद्दल माझ्या मनात तुमच्याइतकाच आदर आहे. विशेषतः लेपोतबाईंबद्दल, कारण त्यांचं नाव पुढे कितीतरी वर्षं कुणी घेतलं नाही. पण त्यांच्या आकडेमोडीतून निघालं काय, तेही सांगा ना. निघालं असं, की या फेरीला आधीच्या फेरीपेक्षा ६१८ दिवस जास्त लागणार : ५१८ दिवस गुरूमुळे आणि १०० दिवस शनीमुळे. म्हणजे तुमच्या सर्वांत नियमित धूमकेतूलाही वाटेतल्या ग्रहांनी पावणेदोन वर्षं उशीर केला. हॅलेच्या फेऱ्या ७४ ते ७९ वर्षांच्या दरम्यान हलत राहतात. त्याची कक्षा आखलेली नाही, ती प्रत्येक फेरीत नव्यानं आखली जाते.

मामा : आखली जाते, पण आखणारा नियम तोच राहतो ना? गुरूची ओढ किती हे कळतं म्हणून तर ५१८ हा आकडा काढता आला.

भाची : नियम तोच, हे मान्य. माझं भांडण नियमाशी नाहीच, हमीशी आहे. लेक्सेलच्या धूमकेतूकडे बघा. जून १७७० मध्ये मेस्सियेला तो सापडला. १ जुलैला तो पृथ्वीपासून सुमारे २२ लाख किलोमीटरवरून गेला. चंद्राच्या अंतराच्या सहापटही नाही. लिखित इतिहासात इतक्या जवळून गेलेला दुसरा मोठा धूमकेतू सापडत नाही. अँडर्स लेक्सेलनं गणित मांडलं, तर फेरी निघाली साडेपाच वर्षांची. लगेच प्रश्न आला, की साडेपाच वर्षांनी येणारा धूमकेतू आधी कधीच कुणाला कसा दिसला नाही? लेक्सेलनं त्याची वाट मागे नेली आणि दिसलं, की १७६७ मध्ये तो गुरूच्या जवळून गेला होता. गुरूनंच त्याला आत ओढलं होतं. मग त्यानं वाट पुढे नेली. १७७९ मध्ये पुन्हा गुरूशी गाठ पडणार होती. तसंच झालं. त्यानंतर तो धूमकेतू आजवर कुणाला दिसलेला नाही.

मामा : लेक्सेल तर माझ्या बाजूचा साक्षीदार झाला! धूमकेतू हरवणार हे त्यानं आधीच सांगितलं. नियमानं सांगितलं.

भाची : हरवणार हे सांगितलं. कुठे जाणार हे सांगता आलं नाही. गुरूच्या किती जवळून तो जातो यात थोडासा फरक पडला, की पुढची वाट पार वेगळी होते. आतल्याच भागात राहिला, लांबच्या कक्षेत गेला की कायमचा बाहेर फेकला गेला, यांतलं काहीही घडू शकतं. १७७० ची निरीक्षणं तेवढी बारीक नव्हती. नियम पक्का असूनही उत्तर निसटतं ते असं.

मामा : बरं. मग आकड्यात सांग. हा थोडासा फरक म्हणजे किती?

भाची : पृथ्वीइतक्या अंतरावरून सूर्याला कायमचं सोडून जायचं असेल तर वेग लागतो सेकंदाला सुमारे ४२.१ किलोमीटर. हॅले पृथ्वीइतक्या अंतरावर असतो तेव्हा त्याचा वेग असतो साधारण ४१.५. फरक सहाशे मीटरांचा, म्हणून तो ७६ वर्षांत परततो. १९९७ नंतरचा हेल-बॉप घेतला तर हा फरक उरतो जेमतेम ५७ मीटर, आणि त्याची फेरी होते अडीच हजार वर्षांच्या आसपास. आता असा धूमकेतू घ्या, जो पृथ्वी-सूर्य अंतराच्या एक लाख पट लांबून येतो. पृथ्वीच्या अंतरावर त्याचा वेग आणि सुटकेचा वेग यांत फरक असतो सेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर. सेकंदाला ४२ किलोमीटर धावणाऱ्या वस्तूचं परतणं किंवा न परतणं त्या २० सेंटिमीटरवर ठरतं.

मामा : हे मात्र मला पटकन कळलं, कारण पाणलोटाच्या रेषेवर उभं राहून मी मोजण्या केल्यात. महाबळेश्वरच्या माथ्यावर पावसाचा थेंब हातभर पश्चिमेला पडला तर सावित्रीतून अरबी समुद्रात जातो. हातभर पूर्वेला पडला तर कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात. थेंब तोच, उतार तोच, नियमही तोच.

भाची : तेच म्हणायचंय मला. आणि धूमकेतूला तर त्या रेषेवर ढकलणारे पुष्कळ आहेत. ग्रह आहेतच, शिवाय तो स्वतः. सूर्याजवळ आला की त्याच्या बर्फाची वाफ होते आणि तापलेल्या बाजूनं झोतानं बाहेर पडते. त्या झोतांचा उलटा धक्का धूमकेतूलाच बसतो. धक्का बारीक असतो, पण तो मोजल्याशिवाय कक्षेचं गणित जुळत नाही. म्हणून परवाच्या ८० हजार वर्षांच्या आकड्यावर माझा आक्षेप होता. त्या धूमकेतूची बाहेर जाण्याची कक्षा परवलयाच्या, म्हणजे परतणं आणि न परतणं यांमधल्या सीमेच्या, अगदी काठावर आहे. काठावरच्या कक्षेला वर्षांचा नेमका आकडा चिकटवणं म्हणजे लोकांना नसलेली खात्री देणं.

मामा : आकडा चुकीचा होता हे मान्य. पण आकडा सांगायचाच नाही, हे मला पटत नाही. 'खूप लांब' म्हणून मुलांच्या हाती काही लागत नाही. अंतर आणि काळ यांची सांगड केप्लरनं घालून दिलीय, ती वापरून मोठे टप्पे सांगता येतात. पृथ्वी-सूर्य अंतराला, म्हणजे १५ कोटी किलोमीटरला, एक एकक म्हणू. नेपच्यून आहे ३० एककांवर. हॅलेचं टोक ३५ एककांवर, फेरी ७६ वर्षांची. हेल-बॉपचं टोक सुमारे ३७० एककांवर, फेरी अडीच हजार वर्षांची. ज्याचं टोक हजार एककांवर त्याला फेरीला लागतात अकरा हजार वर्षं. आणि तू म्हणालीस तो एक लाख एककांवरचा घेतला, तर एक कोटी दहा लाखांहून अधिक वर्षं. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ अजून १७५ एककांच्याही आत आहे. आपण पाठवलेली सर्वांत लांबची वस्तू हेल-बॉपच्या टोकाच्या निम्म्यालाही पोचलेली नाही, असं सांगितलं की मुलं गप्प होऊन विचार करायला लागतात.

भाची : ही मांडणी मला आवडली. फक्त हेल-बॉपच्या आकड्यापुढे एक ओळ घाला. तो येत होता तेव्हा त्याची फेरी ४२०० वर्षांची होती आणि टोक ५२५ एककांवर. एप्रिल १९९६ मध्ये तो गुरूजवळून गेला आणि एका भेटीत फेरीतली सतराशेक वर्षं कमी झाली. उलट त्याच वर्षी हयाकुताके आला. मार्च १९९६ मध्ये तो पृथ्वीपासून दीड कोटी किलोमीटरवरून गेला. त्याची फेरी आधी सतरा हजार वर्षांची होती, आता ती सत्तर हजारांच्या घरात गेलीय. एकाला ग्रहांनी जवळ आणलं, दुसऱ्याला लांब घालवलं. म्हणून 'इतक्या वर्षांनी' म्हणताना 'आजच्या कक्षेप्रमाणे' हे शब्द हवेतच.

मामा : घालतो. पण एक सांग, इतक्या लांबच्या टोकाला आहे काय? तिथे कुणी गेलेलं नाही, तिथलं काही दिसत नाही. तरी ऊर्ट मेघ म्हणून छातीठोकपणे नाव घेतात.

भाची : ते यान ऊर्टचं डोकं चालल्याची खूण आहे. १९५० मध्ये यान ऊर्ट या डच शास्त्रज्ञानं ज्यांच्या कक्षा अचूक मोजल्या होत्या असे फक्त १९ धूमकेतू निवडले. ग्रहांनी त्यांना दिलेले धक्के वजा करून, ते आत येण्याआधी कुठल्या कक्षेत होते हे काढलं. बहुतेकांची वाट हजारो एककांपलीकडे, एकाच दूरच्या पट्ट्याकडे बोट दाखवत होती. आणि ते आकाशात एका दिशेनं येत नव्हते, सगळ्या बाजूंनी येत होते. त्यावरून त्यानं म्हटलं, की सूर्याभोवती सगळ्या बाजूंनी धूमकेतूंचा एक प्रचंड साठा असला पाहिजे. त्याची बाहेरची हद्द एक लाख एककांच्या आसपास धरली, तर ती होते दीड प्रकाशवर्षाहून थोडी जास्त. सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे शेजारच्या ताऱ्याच्या वाटेवर एक तृतीयांशाहून अधिक अंतर आपल्याच धूमकेतूंचं आहे.

मामा : आणि एवढ्या लांबूनही सूर्य त्यांना धरून ठेवतो.

भाची : धरून ठेवतो, पण सैल. तिथून निघून पृथ्वीच्या अंतरापर्यंत येणाऱ्या धूमकेतूचा तिकडच्या टोकाला वेग किती असतो माहितेय? सेकंदाला अर्धा मीटरही नाही. इतक्या संथ वस्तूला शेजारून जाणाऱ्या ताऱ्याची ओढ किंवा सगळ्या आकाशगंगेची ओढ सहज हलवते. काही आत सूर्याकडे घसरतात, काही बाहेर निसटतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये मंगळापासून अवघ्या एक लाख चाळीस हजार किलोमीटरवरून गेलेला साइडिंग स्प्रिंग धूमकेतू असाच तिकडून आला होता. आपलं मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरून महिनाही झाला नव्हता. धुळीपासून वाचावं म्हणून इस्रोनं त्याची कक्षा आधीच बदलली, त्या वेळेला ते मंगळाच्या आड असावं म्हणून.

मामा : ते मला आठवतं. लाखो वर्षं चाललेली वस्तू आणि जेमतेम वर्षभरापूर्वी इथून निघालेलं यान एकाच ग्रहापाशी एकाच महिन्यात! आणि यान आड नेता आलं ते धूमकेतू केव्हा, कुठून जाणार हे आधी ठाऊक होतं म्हणून, हेही विसरू नकोस. बरं, त्या मेघातले धूमकेतू तिथेच जन्मले का?

भाची : नाही, आणि इथे गुरूची गोष्ट पुन्हा येते. एवढ्या विरळ जागेत धूमकेतू घडायला सामग्रीच नसते. ते घडले आज मोठे ग्रह आहेत त्या पट्ट्यात, साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी. तयार होणाऱ्या ग्रहांनी त्यांना बाहेर भिरकावलं. पुष्कळसे कायमचे गेले, काही त्या २० सेंटिमीटरच्या अलीकडे राहिले आणि तिथे साठले. म्हणजे त्सुचिनशान-ॲटलाससारखा धूमकेतू आत येतो तेव्हा तो एका अर्थी आपल्या जन्मस्थानाकडे आलेला असतो. आणि इथे पोचल्यावर त्याला पुन्हा तेच ग्रह भेटतात.

मामा : म्हणजे ज्या धक्क्यांना तू बेभरवशाचं म्हणतेस, त्यांनीच हा साठा उभा केला.

भाची : हो. आणि तेच तो रिकामाही करतात. बोवेलचा धूमकेतू बघा, १९८० मध्ये सापडलेला. अतिदूरच्या कक्षेतून तो येत होता. त्याच वर्षी डिसेंबरात गुरूजवळून गेला आणि गुरूनं त्याला इतका वेग दिला, की आता तो सूर्याच्या ताब्यातून सुटलाय. काही परत जातच नाहीत. १९९२ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ चे गुरूजवळ तुकडे झाले आणि जुलै १९९४ मध्ये ते एकामागून एक गुरूवरच आदळले. २०१३ मध्ये शतकातला मोठा धूमकेतू म्हणून गाजलेला आयसॉन २८ नोव्हेंबरला सूर्याला वळसा घालताना विस्कटून गेला. सोहो या यानानं मार्च २०२४ पर्यंत ५००० धूमकेतू टिपले, त्यांतले बहुतेक सूर्याला घासून जाणारे छोटे तुकडे. त्यांचा प्रवास तिथेच संपतो. 'कुठे जातो' या प्रश्नाचं एक खरं उत्तर 'कुठेच नाही, इथेच संपला' असंही असतं. मुलांना तेही सांगायला हवं.

मामा : सांगतो. पण माझाही एक मुद्दा राहू दे. तू संपलेले आणि सुटलेले मोजतेस, कारण ते आपल्या डोळ्यांसमोर घडतं. डोळ्यांसमोर नसलेलं आपण विसरतो. हॅलेचा वेग सूर्याजवळ सेकंदाला ५४ किलोमीटर होता, दूरच्या टोकाला एकही किलोमीटर नाही. त्यामुळे ७६ वर्षांतली सुमारे ३५ वर्षं तो नेपच्यूनपेक्षाही लांब असतो. आताही आहे, आणि २०४१ च्या सुमारापर्यंत राहील. पृथ्वीच्या अंतराच्या आत तो असतो अडीच महिन्यांच्या आसपास. आपण ज्याला धूमकेतू म्हणतो, तेज, शेपूट, गाजावाजा, ते सगळं या अडीच महिन्यांतलं आणि त्याच्या आगेमागेचं. उरलेला सगळा काळ ते पंधरा किलोमीटर लांबीचं काळंकुट्ट, गोठलेलं केंद्रक आहे, शेपटीशिवाय. खरा धूमकेतू तो. त्याचं खरं ठिकाण ते. इथे तो फक्त वळायला येतो.

भाची : यावर मला काही म्हणायचं नाही. उलट, तुमच्या मुद्द्याला पुरावा देते. मार्च २००३ मध्ये चिलीतल्या युरोपीय वेधशाळेनं व्हीएलटीच्या तीन मोठ्या दुर्बिणी हॅलेवर लावल्या. तो २८ एककांवर होता. ८१ छायाचित्रं घेतली, मिळून जवळपास नऊ तासांचा प्रकाश गोळा केला. छायाचित्रं जोडताना धूमकेतू सरकला तेवढं प्रत्येक चित्र सरकवून घ्यावं लागलं. त्यामुळे तारे आणि दीर्घिका रेघांसारख्या ओढल्या गेल्या आणि मधे एक अतिशय अंधूक ठिपका उमटला. ना शेपूट, ना तेज. गणितानं सांगितलं होतं त्याच जागी. इथे मी नियमाला नमस्कार करते.

मामा : मग आपलं भांडण मिटलं म्हणायचं?

भाची : अजून एक गट उरलाय. जे आपले कधीच नव्हते. ३० ऑगस्ट २०१९ ला क्रिमियातल्या गेन्नादी बोरिसोव्ह यांना स्वतः बनवलेल्या ६५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून एक धूमकेतू दिसला. कक्षा काढली तर तो दूरवरूनच सेकंदाला ३२ किलोमीटर वेग घेऊन आलेला. सूर्यानं ओढून दिलेला वेग यात धरलेलाच नाही. दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याजवळ तो घडला होता. मग १ जुलै २०२५ ला चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला ३आय/ॲटलास सापडला, त्याचा वेग ५८ किलोमीटर. ऑक्टोबरच्या अखेरीस तो सूर्यापासून वीस कोटी किलोमीटरवरून वळला आणि निघाला. त्याच्या वाटेला टोकच नाही, ती वळून परत येत नाही. त्या वेगानं एक प्रकाशवर्ष कापायला त्याला पाच हजारांहून जास्त वर्षं लागतील. आपल्याकडचा बोवेलचा धूमकेतूही त्याच प्रकारे कुठेतरी निघालाय. गुरूसारख्या ग्रहांनी फेकलेले आपले कितीतरी धूमकेतू असेच दुसऱ्या ताऱ्यांच्या वाटेवर असले पाहिजेत. 'धूमकेतू किती लांब जातात' याचं सर्वांत मोठं उत्तर हे आहे.

मामा : आणि तो परका आहे हे ओळखलं कशानं?

भाची : नियमानं. थोड्याच रात्रींची निरीक्षणं हाती आली आणि वेग सूर्याच्या आवाक्याबाहेरचा आहे हे कळलं.

मामा : म्हणजे परत येणारा कोण, न येणारा कोण आणि आपला नसलेला कोण, हे तिन्ही एकाच मोजणीतून निघतं. माझी चूक एवढीच, की मी मोजणीला हमी समजत होतो. मोजणी आजची स्थिती सांगते आणि तिला चुकीची मर्यादा असते. सर्वेक्षकाला हे सांगायची खरं तर गरज पडू नये. प्रत्येक नकाशावर तारीख आणि अचूकता आम्ही लिहीत होतोच.

भाची : आणि माझा अतिरेक असा, की अनिश्चितता दाखवायच्या नादात मी मुलांना 'काही सांगता येत नाही' इथेच सोडत होते. सांगता पुष्कळ येतं. युरोपीय अवकाश संस्था आणि जपान मिळून कॉमेट इंटरसेप्टर नावाचं यान तयार करतायत. २०२९ च्या सुमारास ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर नेऊन उभं करायचं आणि तिथे थांबवायचं. कुठल्या धूमकेतूकडे जायचं हे अजून ठरलेलंच नाही, कारण तो अजून सापडलेला नाही. ऊर्ट मेघातून पहिल्यांदा येणारा किंवा नशिबानं दुसऱ्या ताऱ्याकडचा कुणी दिसला, की गणित करून त्याच्या वाटेवर आडवं जायचं. कोण येणार हे माहीत नसताना यान बांधायला धीर लागतो, आणि तो धीर येतो आला की त्याची वाट काढता येईल या विश्वासातून.

मामा : मग पुढच्या आकाशदर्शनाला मुलांना आकडा पाठ करायला सांगायचा नाही. प्रश्न विचारायला शिकवायचे. ही कक्षा कुठल्या तारखेपर्यंतच्या निरीक्षणांवरून काढली? जाताना वाटेत गुरू किंवा शनी जवळ आहे का? सूर्याला वळसा घातल्यावर केंद्रक शाबूत आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली, की धूमकेतू कुठे जाणार हे आठवी-नववीतलं मूलही अंदाजानं सांगू शकेल.

भाची : आणि नव्या निरीक्षणांनी उत्तर बदललं, तर का बदललं हेही सांगू शकेल. मला विचाराल तर लेक्सेलनं नेमकं तेच केलं. आधी साडेपाच वर्षांची फेरी काढली, ती जुळेना म्हणून कारण शोधलं, कारण सापडल्यावर आपल्याच उत्तराला अट घातली. आपण शिकवायचं ते हेच.